बारा जणांची भिंत : ‘घाशीराम’ आणि थिएटर अ‍ॅकॅडमीची वाटचाल

१६ डिसेंबर १९७२. पुण्याच्या सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर. राज्य नाट्यस्पर्धेचा प्रयोग. रंगमंचावर शनिवारवाडा नाही, महिरपी नाहीत, तक्के-लोड नाहीत. आहे ती धोतर नेसलेल्या, उघड्या अंगाच्या बारा ब्राह्मणांची एक रांग. रांग गाऊ लागते, गाता गाता डुलू लागते. गणपती नाचत येतो, सरस्वती येते, लक्ष्मी येते. नमन होतं न होतं तोच त्या रांगेची भिंत होते, भिंतीची गल्ली होते, आणि पेशवाईतलं पुणं डोळ्यांपुढे उभं राहतं.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा तो पहिला प्रयोग. नाटककार ४४ वर्षांचे, संगीतकार भास्कर चंदावरकर ३६ वर्षांचे, दिग्दर्शक जब्बार पटेल तिशीतले. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे २५ वर्षांचे आणि रांगेत उभे असलेले, दिग्दर्शकाला साहाय्य करणारे सतीश आळेकर अवघे २३ वर्षांचे. बाकीचा संचही याच वयाचा. दिवसा कॉलेज, नोकरी किंवा दवाखाना आणि संध्याकाळी तालीम, असं आयुष्य असलेली ही मुलं. यातला कुणीही पोटासाठी नाटक करत नव्हता. तरी गाणं, नाचणं आणि बोलणं तिन्ही एका दमात मागणारं नाटक त्यांनी उचललं. त्या नाटकापायी त्यांचं घर सुटलं आणि त्याच नाटकाच्या बळावर त्यांनी नवं घर बांधलं. थिएटर अ‍ॅकॅडमीची वाटचाल सांगायची तर ती या रांगेपासूनच सांगायला हवी.

आधीचं घर

प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पुणेकरांची पीडीए, ही भालबा केळकरांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला उभी केलेली संस्था. भालबा पेशाने प्राध्यापक. हौशी रंगभूमी म्हणजे वेळ घालवण्याची सोय नव्हे, तिथेही वेळेवर यायचं असतं, पाठांतर चोख लागतं, ही शिस्त त्यांनी पुण्याला लावली. श्रीराम लागूंसारखा नट याच संस्थेत घडला. जब्बार पटेल बी. जे. मेडिकलमध्ये शिकताना नाटकात आले आणि १९७० साली त्यांनी पीडीएसाठी तेंडुलकरांचं ‘अशी पाखरे येती’ बसवलं, त्यात कामही केलं. हलकंफुलकं, नेमक्या संवादांचं ते नाटक गाजलं. तेंडुलकर आणि हा तरुण गट यांचं सूत तिथे जुळलं.

पुढे हातात आलेली संहिता मात्र अगदी दुसऱ्या जातीची होती. घाशीराम सावळादास हा इतिहासातला माणूस. १७७७ ते १७९१ या काळात तो पुण्याचा कोतवाल होता. कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं, ही १७९१ सालची घटना. या विषयावर मोरोबा कान्होबांचं पुस्तक १८६३ सालीच निघालं होतं. तेंडुलकरांना मात्र ऐतिहासिक नाटक लिहायचं नव्हतं. सत्ता आपल्या सोयीसाठी एखादा घाशीराम जन्माला घालते, वापरते आणि सोय संपली की जमावाच्या हवाली करते, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी त्यांनी कीर्तन, तमाशा, दशावतार, खेळे अशा आपल्या मातीतल्या प्रकारांकडे हात पसरला.

कागदावर पाहिलं तर संहिता छोटीशी. संवाद तुटक, प्रवेश चार-सहा ओळींचे, आणि मधल्या सगळ्या जागा नाचाने आणि गाण्याने भरायच्या. गद्य नाटकात मुरलेल्या नटाला आडोसा म्हणून इथे काहीच नव्हतं. खुर्ची नाही, टेबल नाही, हातात चहाचा कप नाही. जे दाखवायचं ते अंगाने आणि गळ्याने.

तालमीत घडलेली भिंत

या नाटकाचं श्रेय वाटायला बसलं तर तीन नावं एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. चंदावरकर पंडित रविशंकरांचे शिष्य, सतारीतले जाणकार आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे. संगीत नाटकाची जुनी चाल वेगळी होती. तिथे नट थांबायचा, पद गायचा, वन्समोअर घ्यायचा आणि मग कथा पुढे सरकायची. इथे गाणं हीच कथा होती. अभंग, लावणी, कीर्तनातली चाल, पोवाड्याचा ठेका हे सगळं एकाला एक लागून येतं आणि कुठलंही गाणं टाळीसाठी थांबत नाही.

बावन्नखणीचा, म्हणजे नायकिणींच्या वस्तीतला, प्रसंग डोळ्यांपुढे आणा. तिकडे कीर्तन, इकडे गुलाबीची लावणी. रात्री घराबाहेर पडलेला ब्राह्मण सूत्रधाराला सांगतो की तो कीर्तनाला चाललाय, पण पाय निघालेत बावन्नखणीच्या वाटेला. रांग एका श्वासात टाळ वाजवल्यागत हात जोडते आणि पुढच्याच श्वासात कमरेत लचकते. अभंगाचा शेवटचा स्वर लावणीच्या ठेक्यात कधी शिरला, ते ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. ढोंग म्हणजे काय, यावर एक शब्दही न बोलता ते समोर दिसतं. हा परिणाम चालीतून आणि पदन्यासातून येतो. तिथे नटाने जरा जास्त ‘अभिनय’ केला तर सगळं पाण्यात.

आता ती रांग जवळून पाहू. बारा माणसं प्रेक्षकांकडे तोंड करून उभी असतात तेव्हा ती गाणारी मंडळी असतात. तीच पाठ फिरवतात तेव्हा भिंत होते. भिंतीआड काय चाललंय ते प्रेक्षकाला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. दोघे बाजूला सरकले की दार उघडलं. रांग वाकडी झाली की रस्ता, विखुरली की बाग, घोळक्याने धावली की जमाव. नाना बाईमागे धावतो तेव्हा ही माणसं झाडं असतात. घाशीराम हुकूम सोडतो तेव्हा तीच पुण्याची भेदरलेली रयत असते. नेपथ्य बदलायला अंधार लागत नाही, की मध्ये पडदा पाडावा लागत नाही. एका खांद्याच्या वळणाने स्थळ बदलतं.

हे सोपं दिसतं. करून पाहणाऱ्याला विचारा. रांगेतल्या माणसाला सतत डुलता डुलता गावं लागतं. पायाचा ठेका, गळ्याचा सूर आणि श्वास यांची मोट बांधावी लागते. श्वास पावलाबरोबर घेतला तर स्वर तुटतो, आणि स्वर सांभाळायला गेलं की पाऊल मागे राहतं. म्हणून चरणाच्या कुठल्या अक्षरावर श्वास घ्यायचा तेही ठरवून घ्यावं लागतं. बारातला एक जण अर्धी मात्रा मागे पडला तर भिंतीला भगदाड पडतं, आणि प्रेक्षकाची नजर नेमकी तिथेच जाते. रांगेतल्या कुणालाही एकट्याने चमकायची मुभा नसते, पण चुकला तर तो एकटाच दिसतो. तालमीला एक जण आला नाही तर त्या दिवशी भिंत उभी राहत नाही, कारण शेजाऱ्याचा खांदा नसला की आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाही.

मला वाटतं, या गटातून पुढे संस्था उभी राहिली याचं मूळ इथे आहे. एका नटावर चालणाऱ्या नाटकात बाकीचे हळूहळू सैल पडत जातात. ‘घाशीराम’मध्ये सैल पडायला जागाच नव्हती. मोहन आगाशेंचा नाना आणि रमेश टिळेकरांचा घाशीराम लोकांच्या लक्षात राहिले, ते योग्यच. पण सूत्रधार झालेल्या श्रीराम रानड्यांपासून चंद्रकांत काळे, रवींद्र साठे, मोहन गोखले, आनंद मोडक, नंदू पोळ यांच्यापर्यंत सगळा संच एकाच दोरीत ओवलेला होता. गाता येणारा नट आणि नाचता येणारा गायक, अशी माणसं वेचून आणि घडवून तो बांधला गेला.

एकोणीस प्रयोग आणि एक निर्णय

नाटकाने खळबळ उडवली. हे ब्राह्मणद्वेष्टं आहे, यात नाना फडणवीसांची बदनामी आहे, असे आरोप झाले. वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने भरून लिहिलं गेलं. दुसरीकडे असं काही मराठीत आजवर पाहिलं नव्हतं, असं म्हणणारेही तितकेच होते. एकोणीस प्रयोग झाले आणि संस्थेने ते थांबवण्याचा निर्णय घेतला.

या निर्णयाकडे आज पाहताना कुणा एकाला खलनायक ठरवण्याची गरज नाही. आयुष्य खर्चून वाढवलेल्या संस्थेची काळजी ज्येष्ठांना होती. केलेल्या कामावर तरुणांचाही तितकाच विश्वास होता. दोन्ही बाजू मनापासूनच्या होत्या, म्हणून तर तडजोड झाली नाही. तरुण बाहेर पडले. पीडीएच्या नावाने हा प्रयोग पुन्हा होणार नव्हता. नाटक जिवंत ठेवायचं तर स्वतःचं छप्पर हवं होतं.

२७ मार्च १९७३ रोजी, जागतिक रंगभूमी दिनी, थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन झाली. नवी संस्था काढणं म्हणजे नुसतं लेटरहेड छापणं नव्हे. घटना लिहायची, नोंदणी करायची, हिशेब ठेवायचे, नाट्यगृहाच्या तारखा मिळवायच्या, पैसा उभा करायचा. रंगमंचावर भिंत होणाऱ्यांनीच ही कामंही वाटून घेतली. जब्बार पटेल दौंडला दवाखाना चालवायचे आणि तिथून पुण्याला तालमीसाठी यायचे. आगाशे मनोविकारतज्ज्ञ झाले. आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रात काम करत होते. कुणी नोकरी सोडली नाही आणि कुणी नाटकही सोडलं नाही.

११ जानेवारी १९७४ रोजी ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर आलं. प्रयोग विसावा, पण नव्या संस्थेचा पहिला.

रांग निघाली जगाला

त्यानंतरची वीसेक वर्षं हे नाटक चालू राहिलं, आणि बऱ्याच अंशी मूळच्याच संचात. पंचविशीत रांगेत उभी राहिलेली माणसं चाळिशीत पोचली. त्यांची लग्नं झाली, मुलं झाली, बढत्या झाल्या, बदल्या झाल्या. दौऱ्याची तारीख लागली की रजा टाकायची, गाडी पकडायची, रात्री प्रयोग करायचा आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं. व्यावसायिक रंगभूमीवरसुद्धा इतकी वर्षं एकत्र टिकलेला संच सहज सापडत नाही.

१९७६ साली फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढून ‘घाशीराम’वर चित्रपट केला. मणि कौल आणि के. हरिहरन त्यात होते. पटकथा तेंडुलकरांची, नाना आगाशेंचाच, आणि घाशीराम झाला होता त्या वेळी फारसा कुणाला माहीत नसलेला एक नट, ओम पुरी. नाटकातली तरुण संस्था आणि चित्रपटातली तरुण संस्था यांची ही भेट पुण्यातच होऊ शकत होती.

१९८० साली युरोपच्या दौऱ्याचं आमंत्रण आलं आणि जुना वाद पुन्हा पेटला. परदेशात जाऊन आपल्या इतिहासाची अब्रू घालवणार, असं म्हणत दौऱ्याला कडाडून विरोध झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. पथक तरीही गेलं. मराठीचा एक शब्दही न कळणाऱ्या प्रेक्षकांसमोर ही रांग उभी राहिली, आणि ज्या गोष्टीसाठी मुलांनी घाम गाळला होता तिने तिथे हात दिला. संवाद कळला नाही तरी पाठ फिरवलेली भिंत सगळ्यांना कळते. पुढे अमेरिकेतही प्रयोग झाले. जयंत कर्वे आणि एलिनॉर झेलियट यांनी इंग्रजी अनुवाद केला, इतर भारतीय भाषांतही नाटक गेलं. पुण्याच्या एका कोतवालाची गोष्ट म्हणून लिहिलेलं नाटक प्रत्येक गावाला आपलंच वाटलं.

एका नाटकावर न थांबलेली संस्था

इथे थिएटर अ‍ॅकॅडमीची खरी परीक्षा होती. पहिल्याच नाटकाने इतकं नाव दिलं की तेवढ्यावर संस्था आयुष्यभर जगू शकली असती. ती तशी जगली नाही, याचा मला फार आदर वाटतो.

१९७४ सालीच सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं. मेलेला माणूस स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो, ही कल्पना ‘घाशीराम’च्या तालमीतून आलेल्या संचाशिवाय पेलली असती का, शंका आहे. त्यातला भाऊराव झाले चंद्रकांत काळे आणि संगीत होतं आनंद मोडकांचं. दोघेही रांगेतले. जे बाराजणांत मिसळून गायला शिकले, ते आता एकट्याने रंगमंच पेलू लागले. १९७८ साली ‘तीन पैशांचा तमाशा’ झाला. ब्रेश्टच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेलं आणि जब्बार पटेलांनी बसवलेलं हे नाटक गाण्यांनी भरलेलं होतं. १९७९ साली ‘बेगम बर्वे’ने संगीत नाटकाच्या जुन्या वैभवाकडे आणि त्याच्या उतरत्या काळाकडे करुणेने पाहिलं. तिथेही बर्वे साकारला काळ्यांनीच.

दुसऱ्यांच्या हाती काही द्यावं, याचंही संस्थेला भान होतं. १९८५ नंतर फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने तरुण नाटककारांसाठी आणि गावोगावच्या नाट्यसंस्थांसाठी उपक्रम झाले. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्याची पद्धत याच काळात पुण्यात रुजली. ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ १९८६ साली आलं. मोठ्या नटांनी मुलांच्या भूमिका करायच्या, त्यात गाणी घालायची आणि मुलांच्या खऱ्या प्रश्नांबद्दल बोलायचं, ही रीत मराठीला नवी होती. परीराणीशिवाय बालनाट्य होऊ शकतं, हे अनेक पालकांना तिथे पहिल्यांदा कळलं.

या रांगेतली माणसं पुढे शिकवायलाही गेली. आळेकरांनी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची धुरा अनेक वर्षं सांभाळली. आगाशे फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. जब्बार पटेलांनी ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ असे चित्रपट दिले. ‘जैत रे जैत’मध्ये गाणं आणि समूह यांची जी वीण दिसते, तिच्या मुळाशी मला तरी रांगेची तालीमच दिसते.

आजच्या रांगेसाठी

चंदावरकर गेले, तेंडुलकर गेले, मोहन गोखले आणि आनंद मोडक गेले. नाटक मात्र गेलेलं नाही. आजही कॉलेजच्या पोरांना ‘घाशीराम’ करावंसं वाटतं. विषय जळता आहे, भूमिका भरपूर आहेत आणि नेपथ्याला खर्च नाही. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, नाना कोण आणि घाशीराम कोण. निवड होते, दोघांच्या तालमी रंगतात, आणि रांगेला शेवटच्या आठवड्यात उभं केलं जातं. मग प्रयोगाला रांग चाचपडते, गाणं ध्वनिमुद्रित लावावं लागतं, आणि नाटकाचं हाड मोडतं.

नाटक निवडणाऱ्या प्रत्येक तरुण गटाला माझं एक सांगणं आहे. ‘घाशीराम’ घ्या किंवा नाचगाण्याचं दुसरं कुठलंही अवघड नाटक घ्या, पण आधी रांग बसवा. नानाची निवड महिनाभर पुढे ढकलली तरी चालेल. बारा जणांना एका ठेक्यावर उभं करा, गायला लावा, पाठ फिरवायला लावा. कोण वेळेवर येतं, कोण शेजाऱ्याचा खांदा ओळखतं, कोण न दिसता काम करतं, ते तिथे कळेल. तुमची संस्था कुणाच्या खांद्यावर उभी राहणार आहे, तेही तिथेच कळेल.

आणि ज्यांच्याकडे त्या काळच्या तालमींच्या वह्या, स्वरलिपी, छायाचित्रं किंवा ध्वनिफिती आहेत, त्यांनी त्या जपून ठेवाव्यात आणि एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा नाट्यविभागाकडे सोपवाव्यात. संहिता छापलेली आहे, ती कुणालाही मिळेल. चरणाच्या कुठल्या अक्षरावर श्वास घ्यायचा, ते मात्र कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही.